दस्तुरीचे विमान

जुन्या पेठांतून एक रीत होती. वाड्यावरचा कारभारी किंवा घरचा गडी मालकाच्या वतीने कापड, धान्य, किराणा आणावयास गेला की दुकानदार मालाची किंमत मालकाच्या नावे मांडीत असे आणि रुपयामागे काही ठराविक पैसे गड्याच्या हातावर ठेवीत असे. या पैशाला दस्तुरी म्हणत. ती चोरी मानली जात नसे, कारण ती सर्वांना ठाऊक होती. तिला वेतनही म्हणता येत नव्हते, कारण मालकाने ती कधी ठरवून दिलेली नव्हती. दुकानदाराला मात्र ती परवडत असे. पुढच्या खेपेस गडी आपल्याच दुकानाची पायरी चढेल, शेजारच्या दुकानात भाव विचारावयास जाणार नाही, एवढी निश्चिती तो त्या चार पैशांत विकत घेत असे. हे चार पैसे अखेर कोणाच्या खिशातून जात, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

ही रीत वाड्यांबरोबर लयाला गेली, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः ती पेठ सोडून विमानतळावर आली आहे आणि तेथे तिला मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. विमान कंपन्या आपल्या नेहमीच्या प्रवाशांना प्रत्येक प्रवासाबद्दल काही पॉइंट देतात. ते पुरेसे साठले की त्यांच्या मोबदल्यात फुकट तिकीट मिळते, वरच्या वर्गातले आसन मिळते, विमानतळावरच्या विश्रांतिकक्षात बसावयास मिळते. स्वतःच्या कमाईतून तिकीट काढणाऱ्या माणसाला हे लाभ मिळाले तर कोणी तक्रार करण्याचे कारण नाही. त्याच्या खरेदीवरची ती सूट आहे, आणि ती रोख न मिळता पॉइंटांच्या रूपाने मिळाली एवढाच काय तो फरक. प्रश्न उभा राहतो तो तिकिटाचे पैसे एकाने भरावयाचे आणि पॉइंट दुसऱ्याने घ्यावयाचे अशा प्रवासात. नोकरीच्या कामासाठी होणारा सगळाच विमानप्रवास या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

या योजनांचा जन्म कसा झाला ते पाहिले म्हणजे त्यांचा हेतू स्पष्ट होतो. अमेरिकेत १९७८ पर्यंत देशांतर्गत विमानभाडी सरकारी मंडळ ठरवीत असे. त्या वर्षी कायदा होऊन हे नियंत्रण उठले आणि कंपन्या भाड्यांवरून एकमेकींशी झुंजू लागल्या. भाडी उतरू लागली तेव्हा भाड्याशिवाय दुसऱ्या कोणत्या उपायाने गिऱ्हाईक बांधून ठेवता येईल, हा विचार सुरू झाला. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना जाहीर केली. युनायटेड एअरलाइन्सने अवघ्या काही दिवसांत तिचे अनुकरण केले, आणि पाहता पाहता ही पद्धत जगभर पसरली. वारंवार प्रवास करणारा प्रवासी कोण, हे कंपन्यांना त्यांच्या संगणकातील आरक्षणाच्या नोंदींवरून कळत होते. तो बहुधा कंपनीचा अधिकारी, विक्रेता किंवा सल्लागार होता. आठवड्यातून दोनदा विमानात बसणारा हा माणूस तिकिटाचे पैसे सहसा स्वतः देत नाही. ज्याला भाड्याची झळ लागत नाही त्याला भाडे कमी करून काय मिळणार? त्याला काही वेगळे, त्याच्या घरापर्यंत पोहोचणारे असे द्यावयास हवे होते. ते पॉइंटांनी दिले.

आपल्याकडे १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर चार दशके हवाई वाहतूक एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी महामंडळांकडे होती. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना रीतसर मुभा मिळाली, आणि स्पर्धेपाठोपाठ त्याच दशकात या योजनाही आल्या. आज त्या मोठ्या कंपन्यांच्या व्यवहाराचा नित्याचा भाग होऊन बसल्या आहेत.

आता कंपन्यांच्या सवलतीच्या भाड्यांकडे वळू. शंभर-दोनशे कर्मचाऱ्यांना सतत दौऱ्यावर पाठवणारी एखादी संस्था विमान कंपनीशी करार करते. आमचा अमुक इतका प्रवास तुमच्याकडे येईल, त्या बदल्यात आम्हांला भाड्यात सूट द्या, तिकीट बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा आकार कमी करा, आसन आणि जेवण त्यात धरा, असे या कराराचे स्वरूप असते. यालाच कॉर्पोरेट भाडे म्हणतात. घाऊक खरेदीदाराने घाऊक भाव मागावा यात गैर काही नाही. किराणा दुकानापासून पोलाद कारखान्यापर्यंत हाच न्याय चालतो.

सवलतीच्या या तिकिटावर पॉइंट मिळतात की नाहीत, आणि मिळाल्यास किती, हा दौऱ्यावरच्या मंडळींमधला चघळण्याचा विषय आहे. त्याचे उत्तर तिकिटावरच्या एका अक्षरात दडलेले असते. विमानात एकाच रांगेत बसलेल्या तीन प्रवाशांनी तीन निरनिराळी भाडी दिलेली असू शकतात. प्रत्येक भाड्याला विमान कंपनी एकेका अक्षराची खूण देते. पूर्ण भाड्याच्या खुणेवर पूर्ण पॉइंट, सवलतीच्या खुणेवर निम्मे किंवा चतुर्थांश, आणि अगदी स्वस्त किंवा मोठ्या गटासाठीच्या काही तिकिटांवर शून्य, अशी सर्वसाधारण मांडणी असते. त्यामुळे दौऱ्यावर निघालेल्या माणसाला एक गोष्ट लवकर उमगते. मालकाने घासाघीस करून भाडे जितके उतरवावे तितके आपले पॉइंट आटतात.

पूर्वी या विरोधावर एक पडदा होता. पॉइंट किती अंतर उडालात त्यावर मोजले जात. सरळ मार्गाऐवजी वळसा घालून जाणाऱ्याला ते अधिक मिळत, हा दोष त्यात होताच. पण एकाच भाड्याच्या खुणेत मालकाने चार पैसे वाचवले तर नोकराचे काही बिघडत नव्हते. गेल्या दशकात हा पडदाही उडाला. अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांनी २०१५ मध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये अंतराचा हिशेब सोडून खर्चाचा हिशेब धरला. एअर इंडियानेही २०२४ मध्ये तोच मार्ग पत्करला. आता भाड्यापोटी जेवढे रुपये पडले त्या प्रमाणात पॉइंट मिळतात. समजा, शंभर रुपयांना सहा पॉइंट असा दर आहे. मालकाने आठ हजारांचे तिकीट काढले तर नोकराच्या खात्यात ४८० पॉइंट पडतील. मालकाने करार करून तेच तिकीट सहा हजारांत मिळवले तर ३६० पडतील. मालकाचे दोन हजार वाचले त्याचे प्रायश्चित्त नोकराला १२० पॉइंटांनी घ्यावे लागले. बिलाच्या प्रमाणात गड्याला मिळणारी रक्कम, ही दस्तुरीची व्याख्या येथे अक्षरशः लागू पडते. जुन्या दस्तुरीत निदान दुकानदार समोर उभा असे आणि मालकाला तिचा सुगावा लागत असे. येथे देणारा संगणक आहे, घेणाऱ्याचे खाते त्याच्या वैयक्तिक नावाने आहे आणि पैसे भरणाऱ्याच्या दप्तरात या व्यवहाराची ओळही नाही.

कोणी म्हणेल की एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा बाऊ कशासाठी? दोनचार वर्षांतून एखादे फुकट तिकीट मिळाले म्हणून कोणाचे राज्य बुडणार आहे? हा आक्षेप पॉइंट घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर खरा वाटतो. देणाऱ्याच्या बाजूने पाहिले म्हणजे त्याचा फोलपणा कळतो. २०२० मध्ये महासाथीने विमाने जमिनीवर आणली आणि अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांना कर्जाची निकड भासली. तेव्हा त्यांनी ज्या वस्तू तारण ठेवल्या त्यांत या योजनाही होत्या. आपल्या योजनेच्या जोरावर युनायटेडने ६.८ अब्ज डॉलर उभे केले, तर डेल्टाने ९ अब्ज डॉलर. ज्या वस्तूवर सावकार एवढी रक्कम मोजतो तिला क्षुल्लक म्हणणे धाडसाचे ठरेल.

मुंबईत तर याहून बोलके उदाहरण घडले. जेट एअरवेज या कंपनीने आपल्या पॉइंटांच्या योजनेची स्वतंत्र कंपनी केली आणि २०१४ मध्ये तिचा ५०.१ टक्के हिस्सा १५ कोटी डॉलरना अबुधाबीच्या एतिहाद एअरवेजला विकला. एप्रिल २०१९ मध्ये जेटची विमाने थांबली. हजारो कर्मचारी रस्त्यावर आले आणि त्यांचे पगार थकले. योजना मात्र त्याच वर्षी नवे नाव धारण करून पुढे चालू राहिली. विमान कंपनी गेली आणि तिची दस्तुरी मागे उरली, यातून या धंद्यात खरे मोल कशाला आले आहे ते दिसून येते.

दुसरा आक्षेप असा की विमानातल्या रिकाम्या जागेवर कोणी फुकट बसले तर कोणाचे काय गेले? येथे जाते ते स्पर्धेचे. नवी कंपनी कमी भाड्याने सेवा देऊ लागली तरी दौऱ्यावरचा अधिकारी तिच्याकडे वळत नाही, कारण त्याचे साठलेले पॉइंट जुन्या कंपनीत आहेत. नव्या कंपनीच्या स्वस्त भाड्याचा लाभ मालकाला मिळणार आणि पॉइंटांचा तोटा आपल्याला सोसावा लागणार, हा त्याचा हिशेब. स्वीडन आणि नॉर्वे या देशांनी हा धोका वेळीच ओळखला. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या योजनेला स्वीडनमध्ये २००१ साली, स्पर्धा असलेल्या देशांतर्गत मार्गांवर प्रतिबंध करण्यात आला. नॉर्वेत २००२ पासून देशांतर्गत प्रवासावर पॉइंट देण्यास बंदी आली आणि ती तब्बल २०१३ पर्यंत टिकली. या देशांना आपल्या नागरिकांच्या फुकट सहलींचा मत्सर वाटत होता असे नव्हे. पॉइंटांची भिंत उभी राहिली की नव्या स्पर्धकाला बाजारात शिरता येत नाही आणि अखेर सामान्य प्रवाशाचे भाडे वाढते, हे त्यांच्या स्पर्धा नियामकांनी जाणले होते.

आपल्या देशातली परिस्थिती या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. इंडिगो ही कंपनी २००६ साली सुरू झाली. क्रेडिट कार्डाशी जोडलेली सोय सोडली तर तिने आपल्या प्रवाशांसाठी अशी योजना जवळजवळ अठरा वर्षे ठेवली नव्हती. स्वस्त भाडे आणि वेळेची शिस्त या दोन गोष्टींवर ती वाढली आणि देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक तिच्याकडे आले. दुसरीकडे टाटा समूहाने जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया ताब्यात घेतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. बाजारपेठेचा सुमारे नव्वद टक्के भाग अशा रीतीने दोन घरांत वाटला गेला. नेमक्या याच वर्षी, २०२४ मध्ये, इंडिगोनेही पॉइंटांची योजना आणली. भाड्यावर लढून जागा मिळवणाऱ्या कंपनीलाही मोठी झाल्यावर गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचे साधन हवेसे वाटले, यातला अर्थ आपल्या स्पर्धा आयोगाने दृष्टिआड करू नये.

पॉइंट कोणाचे, या प्रश्नाचा निकाल इतरत्र कसा लागला? जर्मनीत २००२ च्या जुलैमध्ये यावरून राजकीय वादळ उठले. सरकारी खर्चाच्या विमानप्रवासावर मिळालेले पॉइंट काही लोकप्रतिनिधींनी खासगी प्रवासासाठी वापरले, असे वृत्तपत्रांतून बाहेर आले. बर्लिन राज्याचे अर्थव्यवहारमंत्री ग्रेगोर गिझी यांनी राजीनामा दिला. ग्रीन पक्षाचे चेम ओझ्देमिर यांनीही आपले पद सोडले. त्यांच्यावर अन्य आक्षेपही होते, पण त्यांतला एक हा होता. गुंतलेली रक्कम मोठी नव्हती. सार्वजनिक पैशातून उपजलेला लाभ सार्वजनिकच राहिला पाहिजे, या तत्त्वाची ती किंमत होती. पुढे २००६ मध्ये त्या देशाच्या संघीय श्रम न्यायालयाने खासगी नोकरीलाही हेच तत्त्व लावले. मालकाने पैसे भरलेल्या प्रवासाचे पॉइंट मालकाच्या कामासाठीच वापरावेत, अशी मागणी करण्याचा त्याला अधिकार आहे, असा हा निर्णय होता.

अमेरिकेने नेमकी उलट वाट धरली. तेथेही संघीय कर्मचाऱ्यांचे पॉइंट सरकारचे मानले जात. पण त्यांचा हिशेब ठेवणे जिकिरीचे झाले, आणि खासगी नोकरदारांना जे मिळते ते सरकारी नोकरांना नाकारले जाते अशी कुरबुर वाढली. डिसेंबर २००१ मध्ये कायदा करून ते पॉइंट कर्मचाऱ्यांना बहाल करण्यात आले. लगोलग २००२ मध्ये कर खात्याने अशा पॉइंटांवर करवसुलीचा आग्रह धरणार नसल्याचे जाहीर केले. हिशेब ठेवणे कठीण म्हणून हक्क सोडून देणे, हा राज्यकारभाराचा आदर्श म्हणता येणार नाही. परंतु एक मात्र खरे, की निर्णय उघड झाला, कायद्याने झाला आणि तो सर्वांना ठाऊक आहे.

भारत सरकारची भूमिका कागदावर अत्यंत निःसंदिग्ध आहे. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ मध्ये प्रवासभत्त्याबाबत जे आदेश निघाले त्यांत असे म्हटले आहे की सरकारी प्रवासाच्या तिकिटांवर मिळालेले सर्व पॉइंट त्या त्या विभागाने आपल्या अधिकाऱ्यांच्या अन्य सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, आणि ते खासगी प्रवासासाठी वापरणाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई होईल. सरकारी पैशातून झालेल्या प्रवासाचा लाभ सरकारलाच मिळाला पाहिजे, असे त्याचे कारणही दिलेले आहे. याहून योग्य भूमिका कोणती असणार? पण खाते अधिकाऱ्याच्या नावाने, त्याचा क्रमांक त्याच्यापाशी, परवलीचा शब्द त्याच्या मनात, आणि साठलेल्या पॉइंटांची पावती त्याच्या खासगी फोनवर. विभागाने ते वापरावेत तरी कसे? नियमाचे पालन सर्वस्वी ज्याच्यावर नियम घालावयाचा त्याच्याच सचोटीवर सोपवलेले आहे. प्रामाणिक अधिकारी ते पाळत असतील यात शंका नाही. परंतु ज्यांची सचोटी कच्ची आहे त्यांच्यासाठीच नियम करावा लागतो, आणि त्यांच्यापुढे हा नियम दुबळा ठरतो.

२०२२ च्या जूनमधील आदेशांनी याच्या दुसऱ्या टोकाला बऱ्यापैकी आळा घातला. सरकारी तिकीट ठराविक तीनच संस्थांमार्फत काढावे, प्रवासाच्या निदान एकवीस दिवस आधी काढण्याचा प्रयत्न करावा आणि ठरलेल्या वेळेच्या टप्प्यात आपल्या वर्गातले सर्वांत स्वस्त भाडे निवडावे, असा दंडक त्यांनी घातला. पॉइंटांसाठी महाग तिकीट किंवा मर्जीतली कंपनी निवडण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. मात्र हे आदेश केंद्र सरकारपुरते आहेत. अनुदानावर चालणाऱ्या संस्था, बँका, महामंडळे, विद्यापीठे, सहकारी संघ आणि खासगी कंपन्या यांच्या दौऱ्यांना एकसारखी शिस्त नाही.

येथे कार्यालयातल्या एका परिचित दृश्याची आठवण होते. प्रवासभत्त्याचे बिल लेखा शाखेत येते. शाखेतला कारकून ते बारकाईने तपासतो. स्थानकापासून कार्यालयापर्यंतच्या रिक्षाचे दोनशे दहा रुपये लावले आहेत, पावती जोडलेली नाही, म्हणून बिल परत जाते. मौखिक परीक्षेसाठी परगावाहून आलेल्या प्राध्यापकाने एस.टी.चे तिकीट हरवले तर त्याच्याकडून लेखी स्पष्टीकरण घेतले जाते. ही काटेकोर तपासणी योग्यच आहे. सार्वजनिक पैसा असाच राखावा लागतो. पण त्याच टेबलावरून विमानाच्या तिकिटाचे बिल जाते तेव्हा त्या तिकिटातून निघालेला, काही हजारांच्या मोलाचा लाभ कारकुनाच्या नजरेला पडत नाही, कारण बिलाच्या नमुन्यात त्याला रकानाच नाही. ज्याच्या हाती थोडे जाते त्याची पै पै तपासली जाते आणि ज्याच्या हाती अधिक जाते त्याला नोंदीतूनच सूट मिळते. हा भेद कोणी दुष्टाव्याने केलेला नाही. नमुना तयार झाला तेव्हा पॉइंट नव्हते, आणि पॉइंट आले तेव्हा नमुना बदलण्याचे कोणाला सुचले नाही, एवढेच.

सवलत उघड असावी की झाकलेली, हाही यातला एक मुद्दा आहे. राज्यात २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. या सवलतींच्या खर्चाबद्दल मतभेद असू शकतात. पण त्या जाहीर आहेत, त्यांचा भार अर्थसंकल्पात दिसतो, आणि विधिमंडळात त्यांवर प्रश्न विचारता येतो. विमान कंपनीच्या सवलतीचा भार कोणत्या प्रवाशाच्या भाड्यात मिसळला गेला हे कोणालाच दिसत नाही. वर्षातून एकदा आजारी आईला भेटावयास निघालेला शिक्षक ऐनवेळी वाढलेल्या भाड्याने तिकीट काढतो. कोणाच्याही कराराची सूट त्याच्या वाट्याला येत नाही, आणि त्याचे किरकोळ पॉइंट फुकट तिकिटाच्या जवळपास पोहोचण्याआधीच बहुधा मुदत संपून बुडतात.

आता दौऱ्यावर जाणाऱ्याची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. पहाटे तीनला उठून विमानतळ गाठावयाचा, दिवसभर बैठका करावयाच्या आणि मध्यरात्री घरी परतावयाचे, मुलांचे वाढदिवस परगावच्या हॉटेलात काढावयाचे, हे सुखाचे जिणे नाही. या कष्टांचा मोबदला म्हणून पॉइंट मिळाले तर त्यात काय बिघडले, असे तो म्हणतो. त्याच्या कष्टांविषयी वाद नाही. पण कष्टांचा मोबदला ज्याच्यासाठी कष्ट केले त्याने द्यावयाचा असतो. दौऱ्याचा भत्ता अपुरा असेल तर तो वाढवून मागावा आणि मालकाने तो वाढवून द्यावा. मोबदला मालाच्या विक्रेत्याकडून येऊ लागला की तो कष्टांच्या प्रमाणात राहत नाही, बिलाच्या प्रमाणात येतो. रात्रीच्या रेल्वेने किंवा एस.टी.ने तितकीच दगदग सोसणाऱ्या कनिष्ठ सहकाऱ्याच्या वाट्याला असे काहीही येत नाही.

उपाय कठीण नाहीत. पहिला आणि सर्वांत सरळ उपाय करारातच आहे. सरकार, सार्वजनिक संस्था आणि मोठ्या कंपन्या यांनी विमान कंपन्यांशी सवलतीचा करार करताना या तिकिटांवर पॉइंट नकोत, त्यांची संपूर्ण किंमत भाड्यातच कमी करा, अशी अट घालावी. ही अट पाळणे विमान कंपन्यांना अवघड नाही. काही स्वस्त तिकिटांवर त्या आजही शून्य पॉइंट देतातच, आणि त्यासाठी लागणारी अक्षराची खूण त्यांच्यापाशी तयार आहे. दुसरा उपाय बिलाच्या नमुन्यात आहे. प्रवासभत्त्याच्या बिलात या प्रवासावर मिळालेले पॉइंट असा एक रकाना घालावा आणि त्याखाली प्रवाशाने सही करावी. खोटी सही करण्यास सामान्य माणूस कचरतो, आणि ज्याला नोंद करावी लागते तो आपोआप विचार करू लागतो. तिसरे असे की खासगी मालकाला हे पॉइंट आपल्या कर्मचाऱ्यांनाच द्यावयाचे असतील तर त्याने ते खुशाल द्यावेत. मात्र सेवेच्या अटींत तसे लिहावे, म्हणजे ती देणगी मालकाची ठरेल, विक्रेत्याची लालूच ठरणार नाही. भागधारकांनाही मग आपला पैसा कोठे जातो ते कळेल.

या साऱ्यातून वाचणारी रक्कम फार मोठी असेल असा दावा येथे करावयाचा नाही. रकमेपेक्षा सवयीची चिंता अधिक आहे. आज विद्यापीठात शिकणारा तरुण उद्या एखाद्या कंपनीत रुजू होईल. पहिल्या महिन्यातच त्याचे वरिष्ठ त्याला अमुक कंपनीच्याच विमानाने जा, पॉइंट साठतील, असा मायेचा सल्ला देतील. त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटणार नाही आणि त्यालाही वाटणार नाही. पुढे तोच तरुण यंत्रसामग्रीची निविदा उघडील, औषधांची खरेदी करील, बांधकामाचे कंत्राट देईल. त्या त्या वेळी समोरचा विक्रेता त्याच्यापुढे आणखी काही ठेवील, आणि ते घेताना आपण पैसे भरणाऱ्याची बाजू सोडतो आहोत हे त्याच्या ध्यानात येणार नाही, कारण ती बाजू सोडण्याची सवय त्याला विमानातच लागलेली असेल. लेखा शाखेतल्या त्या कारकुनाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावयास शासनाला फारसा खर्च येणार नाही. तेवढे केले तरी या दस्तुरीला निदान नाव मिळेल, आणि ज्याला नाव असते त्याचाच हिशेब मागता येतो.